माल्टा: तीन बेटं, दोन घड्याळं आणि नदी एकही नाही

नकाशात सिसिलीच्या खाली जो ठिपका दिसतो ना, तो माल्टा. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा, आणि त्यातही तीन बेटं, मोठं माल्टा, वरच्या अंगाला गोझो आणि दोघांच्या मधे चिमुकलं कोमिनो. जायच्या आधी जो तो सांगत होता की दोन दिवसांत उरकतं, उरलेले दिवस इटलीला द्या. माझं मत विचाराल तर ज्यांना फक्त निळं पाणी आणि बीचवरची खुर्ची हवीय त्यांनी खुशाल दोन दिवसांत उरकावं, पण दिसेल त्या गोष्टीला "हे असं का बरं?" विचारायची खोड असेल तर आठवडासुद्धा कमी पडतो. आम्हाला ती खोड आहे. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. आई सत्तरी ओलांडलेल्या, माळकरी, आणि घरात सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनाच पडतात.

बुधवार

भारतातून थेट विमान नाही, आम्ही इस्तंबूलवरून गेलो. वरून बघितलं तर सगळं बेट एकाच रंगाचं, फिकट पिवळं, कारण घरं, चर्च, किल्ले, शेताचे बांध सगळं इथल्याच चुनखडीच्या दगडाचं. हा दगड खाणीतून काढला की करवतीने कापता येतो इतका मऊ, म्हणून तर साध्या घराच्या दारावरही नक्षी दिसते. आणि त्या पिवळ्या भिंतींवर हिरव्या, निळ्या, लाल रंगाच्या बंद लाकडी बाल्कन्या, आत बसून रस्ता दिसतो पण रस्त्यावरच्याला आपण दिसत नाही. आईंना या बाल्कन्या फारच पटल्या.

गाड्या डाव्या बाजूने, प्लग तीन चौकोनी पिनांचे, कोपऱ्याकोपऱ्यावर लाल टेलिफोन बूथ. ब्रिटिश १८०० साली आले, देश स्वतंत्र झाला २१ सप्टेंबर १९६४ ला, पण ब्रिटिश सैन्य शेवटचं गेलं ते ३१ मार्च १९७९ ला. एवढं राहिल्यावर खुणा उरणारच. बसमधे चढलो तर ड्रायव्हर मल्याळी निघाला! आईंची साडी बघून हसला आणि त्या नीट बसेपर्यंत त्याने बस हलवली नाही. आता इथे बस चालवायला, हॉस्पिटलात, घरोघर जेवण पोचवायला आपले लोक भरपूर दिसतात, पुढचे सगळे दिवस कुठे ना कुठे हिंदी कानावर पडत होतं.

संध्याकाळी नळाचं पाणी पिऊन आई म्हणाल्या, "अगं, हे मचूळ आहे." आहेच. या देशात बारमाही नदी एकही नाही, तलाव नाही, डोंगर म्हणावा तर सगळ्यात उंच जागा २५३ मीटर. नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. पूर्वी तर घराखाली दगडात टाकी खोदून गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचे, वॅलेटा शहर वसवताना प्रत्येक घराला अशी टाकी हवीच असा नियमच होता. साडेचारशे वर्षांपूर्वी! आपल्याकडे रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या मीटिंगा अजून चालल्यायत सोसायटीत.

गुरुवार

वॅलेटा म्हणजे राजधानी. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत वीस मिनिटं, तेही रमतगमत. शहर जन्मालाच आलं एका लढाईतून. झालं असं की सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे नाइट्स म्हणतात त्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाला, तुर्कांच्या ऑटोमन सुलतानाने ऱ्होड्स बेटावरून हाकललं, मग सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मधे त्यांना माल्टा दिलं आणि भाडं ठरवलं वर्षाला एक ससाणा. एक पक्षी! नवरा तिथेच म्हणाला, ठाण्यात असा मालक शोधायला हवा. पुढे १५६५ मधे ऑटोमन आरमार चालून आलं, तीसेक हजारांची फौज, आणि आत लढणारे सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास, त्यातले बरेचसे साधे माल्टीज. मे ते सप्टेंबर वेढा चालला आणि ऑटोमन परत गेले. दुसऱ्याच वर्षी सरदारांचे प्रमुख ला व्हॅलेट यांनी नव्या तटबंदी शहराचा पाया घातला आणि शहराला त्यांचंच नाव लागलं. रस्ते सगळे सरळ आखलेले, आडवे उभे, म्हणून समुद्राचं वारं थेट आत येतं, आणि चढउतार इतका की काही गल्ल्या म्हणजे नुसता जिनाच. गुडघ्यांनी बोंब मारली.

सेंट जॉन्स को-कॅथीड्रल बाहेरून इतकं साधं आहे की आपण चुकीच्या दारात आलो की काय असं वाटतं, आणि आत पाऊल टाकलं की सोनंच सोनं. पण मी खाली बघत राहिले. जमीन म्हणजे सुमारे ४०० सरदारांच्या थडग्यांच्या फरशा, रंगीत संगमरवर तुकडा तुकडा जोडून केलेल्या, आणि त्यात सांगाडे! कुणी कोयता घेऊन उभा, कुणी वाळूचं घड्याळ दाखवतोय, दात विचकून हसणारे सुद्धा. टाचांच्या सँडल घालून आत सोडत नाहीत, फरशीला खड्डे पडतात म्हणून. आई कडेकडेने चालत होत्या, "कुणाच्या अंगावर पाय नको गं पडायला."

बाजूच्या दालनात कॅराव्हाजो या इटालियन चित्रकाराचं मोठं चित्र आहे, सेंट जॉनचा शिरच्छेद, १६०८ चं. या माणसाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. रोममधे खून करून पळाला, माल्टात आला, चित्रं काढली, सरदार झाला, आणि महिना-सव्वा महिन्यात पुन्हा मारामारी करून तुरुंगात. किल्ल्यातून निसटून सिसिलीला पळाला तेव्हा इकडे त्याला संघातून काढून टाकायची सभा भरली ती त्याने काढलेल्या याच चित्रासमोर. आणि त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, सही कुठे तर जमिनीवर सांडलेल्या रक्तात. लांबून दिसत नाही, रक्ताच्या ओघळाचा शेवट शोधायचा मग अक्षरं लागतात. आम्ही तिघंही बराच वेळ तिथेच होतो, कुणी हलायचं नाव घेत नव्हतं.

दुपारी बाराला वरच्या बराक्का बागेखालून तोफ उडते, चारला परत. पूर्वी बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावायला उपयोग व्हायचा. लहान मुलं बरोबर असतील तर कान झाका.

पुराणवस्तू संग्रहालयात एकच वस्तू सांगते. झोपलेली बाई. मातीची, जेमतेम १२ सेंटीमीटर, तळहातावर मावेल एवढी, पाच हजार वर्षांपूर्वीची. कुशीवर झोपलीय, एक हात डोक्याखाली, अंगाने भरलेली, कमरेखाली झालरीचा घागरा, आणि खालच्या खाटेला तिच्या वजनाने बाक आलाय असं वाटतं. एवढ्याशा मातीत तो बाक कुणी दाखवला असेल! आई म्हणाल्या, "दुपारची झोप आहे ही, रात्रीची नाही." मला तर पटलं.

शुक्रवार

ती बाई जिथे सापडली ते हायपोजियम आजचा पहिला कार्यक्रम. पावला नावाच्या साध्या वस्तीत, आजूबाजूला घरं, वाळत घातलेले कपडे, आणि खाली दगडात कोरलेली तीन मजली दफनभूमी. १९०२ मधे घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना कामगारांना सापडली, आणि काम थांबेल म्हणून आधी गुपचूप ठेवली म्हणतात (हा किस्सा ऐकून नवरा, जो बांधकामातच आहे, अजिबात चकित झाला नाही). सुमारे सात हजार माणसांचे अवशेष इथे होते असा अंदाज आहे. तासाला फक्त दहा लोक सोडतात, कारण आपल्या श्वासाच्या दमटपणानेसुद्धा भिंतींवरची गेरूची चित्रं खराब होतात. मोबाईल लॉकरमधे. खरं सांगते, फोटो नाहीत म्हणूनच जास्त लक्षात राहिलंय. सूर्य न दिसणाऱ्या जागेत, लोखंडाचं हत्यार नसताना, शिंगं आणि दगडांनी कोरून छताला कमानी काढल्यात, अगदी त्या काळी जमिनीवर बांधलेल्या देवळांसारख्या. एका खोलीत पुरुषाने जाड आवाजात काही म्हटलं तर सगळीकडे घुमतं, बाईच्या आवाजाला म्हणे तेवढा प्रतिसाद नाही. आईंना हे आवडलं नाही.

तिथून मोस्ता. प्रचंड घुमटाचं चर्च. ९ एप्रिल १९४२ ला संध्याकाळी प्रार्थनेला अडीचशेच्या वर माणसं आत असताना जर्मन बॉम्ब घुमट फोडून आत पडला, जमिनीवर घरंगळला आणि फुटलाच नाही. कुणालाही खरचटलं नाही. तसाच बॉम्ब, म्हणजे त्याची प्रतिकृती, मागच्या खोलीत ठेवलीय. त्या वर्षी बेटावर इतका मारा झाला की इंग्लंडच्या राजाने अख्ख्या देशाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, ते आजही झेंड्याच्या कोपऱ्यात आहे.

इथल्या बऱ्याच चर्चना दोन घड्याळं असतात आणि दोन वेगवेगळी वेळ दाखवतात. का, तर सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून. असं लोक सांगतात. बसचं टाइमटेबलही त्याच हेतूने बनवलं असावं असा आमचा निष्कर्ष.

इम्दिना ही जुनी राजधानी, तटबंदीच्या आत राहणारे तीनशेसुद्धा नाहीत आणि गाड्या जवळजवळ नाहीत. संध्याकाळी पर्यटकांच्या बसेस गेल्या की मग जा, दुपारी जाऊ नका, गर्दीत "शांत शहर" बघण्यात काही अर्थ नाही. तटाबाहेर रबात, तिथल्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या छोट्याशा चहाच्या दुकानात पास्टित्सी खाल्ले. पापुद्रा कुरकुरीत, आत एकतर रिकोटा चीज नाहीतर वाटाणे, किंमत एक युरोच्या आतबाहेर. ओळखायची खूण म्हणजे ज्याची चुणी मधोमध तो चीजचा आणि ज्याची कडेला तो वाटाण्याचा. वाटाण्यात बऱ्याच ठिकाणी करी पावडर असते, आईंनी पहिल्या घासाला ओळखलं, "ह्यात आपला मसाला आहे!" पण शाकाहारी असाल तर विचारून घ्या हं, पिठात काही जण डुकराची चरबी वापरतात. आम्ही खायच्या आधी विचारलं. बरोबर किनी नावाचं कडूगोड संत्र्याचं थंड पेय घेतलं, १९५२ पासून इथे बनतं, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं आणि चौथ्या घोटाला दुसरी बाटली मागवावीशी वाटते.

शनिवार

गोझो. पंचवीस मिनिटांची फेरी, आणि गंमत म्हणजे जाताना तिकीटच नाही! येताना पैसे घेतात, साडेचार युरोच्या आसपास. बेटावरून परत यावं तर लागणारच ना. वाटेत कोमिनोचा ब्लू लगून दिसला, पाणी खरंच जाहिरातीतल्यासारखं आहे, पण त्या बेटावर कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि उन्हाळ्यात येणारे हजारोंनी, शेवटी २०२५ पासून आधी ऑनलाइन नोंदणी करायला लावलीय. आम्ही उतरलो नाही, कुणाला हळहळही वाटली नाही.

जगन्तीयाची देवळं ख्रिस्तपूर्व ३६०० च्या आसपासची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही कितीतरी आधीची. काही दगड पन्नास टनांच्या वरचे. हे माणसाने उचललेच नसतील म्हणून गोष्ट तयार झाली की एका राक्षसिणीने, पाठीवर तान्हं मूल घेऊन, फक्त वालासारखे घेवडे आणि मध खाऊन हे बांधलं. आई दगडाकडे बघून म्हणाल्या, "मूल पाठीवर घेऊन घर बांधलं म्हणजे बाईच असणार, राक्षसीण कशाला म्हणायचं."

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. व्हिक्टोरिया हे गोझोचं मुख्य गाव, वस्ती सात हजारांच्या आसपास. या गावात ऑपेरा हाऊस दोन. एकाच रस्त्यावर, थोड्याशा अंतरावर! एक अॅस्ट्रा, एक अरोरा. कारण गावात चर्चचे दोन गट, त्यांचे दोन बँड क्लब, एकांचा सेंट जॉर्जचा उत्सव जुलैत तर दुसऱ्यांचा सांता मारियाचा १५ ऑगस्टला, एकाने थिएटर बांधलं मग दुसऱ्याने बांधलं. दोघंही दरवर्षी ऑक्टोबरात एकेक भलामोठा ऑपेरा करतात, परदेशातून गायक बोलावतात, आणि पडद्यामागे कपडे शिवणारे, रंग लावणारे, तिकिटं फाडणारे गावातलेच लोक फुकट राबतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्हीकडे पोस्टर लागली होती, कॅफेतल्या बाईंना मी सहज विचारलं कुठला बघू, तर त्यांनी एकाचंच नाव घेतलं, दुसरं जसं अस्तित्वातच नाही. एका गल्लीत दोन गणपती मंडळं ज्याने बघितलीत त्याला पुढचं समजवायला नको. फटाके, रोषणाई, कुणाची मिरवणूक लांब, सगळं तेच.

हा दोन पक्षांचा सोस राजकारणातही आहे. देशाचे राष्ट्रीय दिवस पाच, कारण एका पक्षाला स्वातंत्र्य दिन मोठा, दुसऱ्याला प्रजासत्ताक दिन आणि सैन्य गेल्याचा दिवस मोठा, शेवटी १९८९ मधे तडजोड म्हणून पाचही ठेवले. पाच सुट्ट्या मिळाल्या, जनता खूश. मतदानाचं वय १६. घटस्फोट मात्र २०११ मधे सार्वमत घेतल्यावर कायदेशीर झाला, तोवर नव्हताच.

दुपारनंतर श्वेय्नीची मिठागरं. खडकात कोरलेले चौकोन, तीनेक किलोमीटर किनाऱ्याने, शेकडो वर्षं जुने. कडा पायाच्या घासाने गुळगुळीत, तळाशी पांढरा थर, बोटाने खरवडलं तर आधी कुरकुर वाजतं मग चिकट लागतं. उन्हाळाभर मीठ झाडून गोळा करतात, पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबं. हंगाम संपत आला होता तरी एक आजोबा रस्त्याच्या कडेला पुड्या घेऊन बसले होते, आईंनी घेतल्या, आणि भाव न करता घेतल्या, हे नोंदवून ठेवते.

अझुर विंडो नावाची ती प्रसिद्ध दगडी कमान आता नाही. ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. पोस्टकार्डं अजून विकतात.

रविवार

मार्साश्लोक, मच्छिमारांचं गाव, रविवारचा बाजार. लुत्सू म्हणजे इथल्या होड्या, पिवळ्या, निळ्या, लाल, हिरव्या पट्ट्यांच्या, आणि पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना डोळे, कोरलेले किंवा रंगवलेले. फिनिशियन, म्हणजे फार प्राचीन दर्यावर्दी व्यापारी, त्यांच्या काळापासूनची पद्धत असं सांगतात, होडीला वाट दिसावी आणि नजर लागू नये म्हणून. कॅथलिक देशात होडीवर इजिप्तच्या देवाचे म्हणतात ते डोळे, आणि रविवारी चर्चमधे प्रार्थना करताना देवाला म्हणतात "अल्ला", कारण माल्टीज भाषा मुळात अरबी वंशाची, फक्त रोमन लिपीत लिहिलेली.

ऑक्टोबर म्हणजे लॅम्पुकी माशाचा हंगाम. मच्छिमार ताडाच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात सोडतात, मासा सावलीला खाली जमतो, मग भोवतीनं जाळं टाकतात. इतकी साधी युक्ती! नवऱ्याने त्या माशाचा "पाय" (इंग्रजीतला pie, पिठाच्या पारीत भरून भाजलेला) खाल्ला, पालक, ऑलिव्ह आणि कुठल्या कुठल्या भाज्या घातलेला, आणि दिवसभर तेच सांगत होता. आईंनी ब्रेडवर टोमॅटो चोळून तेल आणि केपर्स घातलेला हॉब्स बिझ-झेत खाल्ला, त्यातला ट्यूना काढायला सांगून.

याच खाडीत डिसेंबर १९८९ मधे अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह भेटले, शीतयुद्ध संपायला आल्याची ती भेट, आणि वादळ इतकं की जहाजांवरच्या काही बैठका रद्द कराव्या लागल्या. वर्तमानपत्रांनी तिला समुद्र लागलेली परिषद म्हटलं होतं.

सोमवार

वॅलेटातून उंच लिफ्टने खाली उतरून फेरीने समोरची तीन शहरं. बिरगूच्या सेंट अँजेलो किल्ल्याचा वरचा भाग ९९ वर्षांच्या कराराने त्याच जुन्या सरदारांच्या संघाकडे आहे. हो, संघ अजून आहे, रोममधे बसतो, स्वतःचे पासपोर्ट काढतो, देश मात्र नाही. सेंग्लिआच्या टोकाला दगडी टेहळणीची चौकी, तिच्यावर एक डोळा आणि एक कान कोरलेला. "सोसायटीच्या गेटवर लावा," नवरा.

या बंदराशी मुंबईचं एक जुनं नातं आहे. १८७८ मधे रशिया आणि तुर्कस्तानच्या भांडणात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने मुंबईहून जहाजं भरून सुमारे सात हजार हिंदी सैनिक सुएझमार्गे इथे आणले, रशियाला नुसतं दाखवायला. लढाई झालीच नाही, थोड्या महिन्यांत त्यांना पुढे सायप्रसला पाठवलं. जेट्टीवर उभं राहून मी आईंना हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "जेवायला काय देत असतील त्यांना?" मला माहीत नव्हतं, अजून शोधतेय.

जाणाऱ्यांसाठी थोडं. व्हिसा शेंगेन, चलन युरो. ऑक्टोबर उत्तम, पोहता येतं आणि ऊन भाजत नाही, पण गावोगावच्या चर्चचे उत्सव बघायचे तर जून ते ऑगस्टच. गाडी भाड्याने घेऊ नका, रस्ते अरुंद आणि पार्किंग नावालाच, बसचा आठवड्याचा पास घ्या आणि हातात वेळ ठेवा. पिण्याचं पाणी विकत. आणि हायपोजियमची तिकिटं दोनेक महिने आधी संपतात, तेव्हा आधी ती तारीख मिळवा, मग विमान बुक करा.